खडकपूर्णेवरची दुसरी हाक

बसा, पोत्यांवरच बसा. लाईट गेली की आमच्या डोणगावात दुकान आणि देऊळ सारखंच, कुणीही यावं, बसावं. कंदील मात्र त्या सरकीच्या पोत्यांपासून लांब ठेवा.

भूत नसतं म्हणता? नसेल. आमचा त्याबाबतीत आग्रह नाही. गिऱ्हाइकाला माल दाखवावा, घ्या म्हणू नये, एवढंच आम्ही शिकलो. ही गोष्ट साखरखेर्ड्याच्या उत्तमरावांची. भुसार मालाचे व्यापारी. आमच्यात त्यांच्यात बरीच देवघेव. मरायच्या आधी त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली, म्हणून सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. उत्तमराव व्यवहाराला पक्के, पण एक वेड होतं. पाखरांचं. एकदा तराजूत तूर तशीच लोंबकळत ठेवून हा माणूस खंड्या कुठं बसतो ते बघायला विहिरीवर गेला. गिऱ्हाईक तूर घेऊन घरी गेलं तरी याचा पत्ता नाही.

तर मार्गशीर्षातली वद्य नवमी. भाचीच्या सोयरिकीची बोलणी करायला उत्तमराव नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावी गेले होते. बोलणी झाली, पिठलं-भाकर झाली. परतायला बैलगाडी तयार होती. पण यांनी निवृत्ती भोयाला सांगून ठेवलं होतं. त्याच्या डोंग्यातून खडकपूर्णेच्या लांबलचक डोहातून दुसरबीडच्या अंगाला उतरायचं. गाडीपेक्षा दुप्पट वेळ. कामाचं निमित्त, हौस पाखरांची.

दिवस कलता डोंगा निघाला. उत्तमराव पुढं तोंड करून बसले, खिशात फुटाणे. खडकावरची कासवं डुबुक डुबुक पाण्यात पडत होती. वाळक्या बाभळीवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, धुणं वाळत घातल्यासारखे. एका वळणावर पाणमांजराचं अख्खं खटलं लागलं. पाण्यावर चार टाळकी, तोंडात मासा, कडाकडा चावण्याचा आवाज.

"मालक, तुमी फुटाणे खाऊन राह्यले अन् ते मासे," निवृत्ती म्हणाला. "त्याइचं जेवण चांगलं आहे."

"तू वल्हं मार बे. पुढं करकोचे उतरतीन."

करकोचे तुम्ही पाहिलेत, हिवाळ्यात हरभऱ्यात उतरतात ते. दिवसभर शेतात, आणि दिवेलागणीला नदीच्या वाळवंटावर. हजारांनी. आभाळ कुरकुरायला लागतं. डोंगा वाळवंटाच्या समोर आला तेव्हा पहिले थवे उतरायला लागले होते. उत्तमरावांनी हातानंच खूण केली. निवृत्तीनं वल्हं वर घेतलं. डोंगा पाण्यावर नुसता तरंगत राहिला.

तेवढ्यात डाव्या काठावरून हाक आली.

"ओऽ डोंगेवाले..."

बाईचा आवाज. निवृत्तीनं वल्हं पाण्यात घातलं.

"थांब," उत्तमराव हळूच म्हणाले. "दिवेलागण झाली. पहिल्या हाकेले ओ देऊ नये."

हे आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक. तिन्हीसांजेनंतर पाण्यावर, शिवारात कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प राहावं. माणूस तीनदा बोलावतं. दुसरं काही असेल तर त्याची मजल दोन हाकांपर्यंतच.

"ओऽ डोंगेवाले..."

"मालक, बाई आहे कोणीतरी."

"तिसरी येऊ दे. मंग वळव."

तिसरी आली नाही. करकोचे मात्र उतरत राहिले, पंखांवर पंख, सगळं वाळवंट राखाडी झालं. डोंगा वळवला असता तर सगळा थवा उठला असता. हे उत्तमरावांच्या मनात होतं. नियम तोंडावर होता, मनात करकोचे होते. हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा भिंतीकडं तोंड करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई सापडली, खालच्या वळणावर, लव्हाळ्यात.

मनकर्णाबाई सुईण. त्या अंगाच्या दहा गावांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. पलीकडच्या वाडीत हिंमतराव म्हणून शेतकरी, त्यांची सून अडली होती. डोंगा थांबेना म्हणून बाई पाण्यातून निघाली. इकडं सून गेली. पोरही राहिलं नाही.

उत्तमराव वाडीत भेटायला गेले. जाणं भागच होतं, हिंमतरावांचा सगळा माल त्यांच्याकडं यायचा. हिंमतरावांच्या ओसरीवर म्हातारी वच्छलाबाई बसली होती, मनकर्णाबाईची जाऊ.

"दोन हाका मारल्या असतीन तिनं," म्हातारी म्हणाली. "बाळंतिणीच्या कामाले निघालेली सुईण तिसरी हाक मारत नाही. तिसरी हाक मढ्यामागची. लेकराच्या वाटेवर मारू नये."

उत्तमरावांनी हातातला चहा खाली ठेवला.

"नदीवर त्या वक्ताले कोणीच नसन का हो बापा?"

सगळे उत्तमरावांकडं बघत होते असं नाही. पण म्हातारी बघत होती.

"नसन," उत्तमराव म्हणाले. "असतं तर नेलंच असतं की."

तो शब्द वर्षभर त्यांच्या मागं लागून राहिला. पाखरं सुटली. खंड्या खिडकीत येऊन बसला तरी मान वर करत नसत. घरात कुणी हाक मारली की दचकून एकदम "ओ" म्हणत, पहिल्याच हाकेला. बायको म्हणे, देवऋषी बघा. काय बघणार?

पुढच्या मार्गशीर्षात, वद्य नवमीच्या दिवशी, निवृत्ती दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. वर्षभर तो फिरकला नव्हता.

"मालक, चाला."

"कुठं बे?"

"डोंग्यावर. दर वद्य नवमीले येते. दोन हाका. मी ओ दिली, डोंगा नेला. कोणी नसते. माही ओ तिले नाही पाह्यजे."

उत्तमरावांनी खाली बघितलं. मग दुकानाच्या फळ्या लावल्या.

अंधार पडला होता. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीचा, त्यामुळं उजेड काही नाही. वाळवंटावर करकोचे बसले होते. दिसत नव्हते, कुरकुर ऐकू येत होती. डोंगा तिथंच उभा केला. निवृत्ती मागं. उत्तमराव पुढं, खांद्यावर उपरणं. मध्ये रिकामी जागा.

थंडी होती.



"ओऽ डोंगेवाले..."

उत्तमरावांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. एक घोट गिळला... पुन्हा उघडलं... नाही.

"मालक," निवृत्ती कुजबुजला. "आता एकच राह्यली."

"ओऽ डोंगे..."

"ओ."

तिचा शब्द पुरा व्हायच्या आत. "ओ, बाई. आलो."

करकोच्यांची कुरकुर थांबली. एकदम. एवढे हजारो पक्षी... एकाचा आवाज नाही.

डोंगा डाव्या काठाला लागला. काठावर लव्हाळं. बाकी कुणी नाही.

मग डोंगा कलला.

हळू. जसं वयस्क माणूस हात टेकून बसतं तसा. पाणी डोंग्याच्या कडेला दोन बोटं उरेपर्यंत वर आलं. निवृत्तीनं वल्हं मारलं तेव्हा तो कण्हला. ओव्याच्या धुरीचा वास आला, बाळंतिणीच्या खोलीत असतो तो.

उत्तमराव पुढं बघत राहिले. मागं वळले नाहीत. मानेपाशी ऊब होती.

नदी अर्धी झाली.

"मनकर्णाबाई," ते म्हणाले. "त्या दिवशी मी ऐकलं होतं. दोन्ही हाका. करकोचे उठतीन म्हणून..."



वल्ह्याचं पाणी. बस.

पलीकडं डोंगा लागला. क्षणभर तसाच जड... आणि मग वर आला. हलका. दोघंच असावेत तसा.

निवृत्ती रडत होता.

ते घरी गेले नाहीत. काठावरच जाळ करून बसले. उजाडल्यावर उत्तमराव वाडीकडं निघाले. हिंमतरावांच्या ओसरीवर, वच्छलाबाईसमोर, खरं सांगायचं असं ठरवून. वाटेत मळ्यातल्या खोपीपाशी चार बाया जमल्या होत्या. मंजुळाबाई म्हणून रखवालदाराची बायको, दिवस भरलेली. रात्री अवेळी कळा आल्या. नवरा सुईण आणायला दुसरबीडला पळाला. पहाटे सुईणीला घेऊन आला, तो पोर झालेलं. धुतलेलं. फडक्यात गुंडाळलेलं.

"कोणी केलं म्हणा ना," दुसरबीडची सुईण म्हणत होती. "हिले तर कायी ठावं नाही, ही बेसुद पडेल होती. अन् नाळ पाहा. अशी गाठ तर मलेही येत नाही."

उत्तमरावांनी वाकून बघितलं.

नाळ लाल दोऱ्यानं बांधली होती. रेशमी दोरा.

"काऊन पाहून राह्यले बापा?" मंजुळाबाईनं विचारलं. "जितं आहे ना लेकरू?"

"हाव, बाई. जितं आहे."

ते खोपीबाहेर उन्हात आले. खांद्यावरचं उपरणं काढून दोन्ही हातांनी धरलं. भाचीच्या लग्नात व्याह्यांनी दिलेलं, लाल रेशमी काठाचं. काठ कुठं फाटला नव्हता, उसवला नव्हता. पण त्या लाल काठाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ पांढरी रेघ होती. एकच दोरा ओढून काढल्याएवढी.