कासादा आणि कान्सादा

चिकानो, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या, इतिहासाच्या पहिल्याच तासाला त्यानं माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बोट करून स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. आवाज असा मधाळ, की काही न कळताच मी मान डोलावून 'हो, हो' म्हटलं, "सी... सी!"

बिचारा दीड तास भिंतीला टेकून उभा!

"मैत्रीण आली नाही वाटतं तुझी?" तास सुटल्यावर तो म्हणाला.

"कोण मैत्रीण?"

"जिच्यासाठी खुर्ची अडवली होतीस, ती."

मी कानापर्यंत लाल.

"नाव ग्रिसेल्दा ओचोआ, आणि स्पॅनिश येत नाही?"

"आजोबांनी शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्या. मग घरात कुणी बोललंच नाही. हे असं का झालं, तेच शिकायला आलेय ना!"

तो... नेफ्ताली त्याचं नाव... जरा जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "माझ्या चेलो आत्याकडे येशील?"

सरांनी एका वडीलधाऱ्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून शब्दन्‌शब्द उतरवायला सांगितल्या होत्या. चेलो आत्या तर अडुसष्ट साली मेक्सिकन मुलांच्या हक्कांसाठी लॉस एंजेलिसच्या शाळेतून मोर्चा घेऊन बाहेर पडलेल्या!

चार तास त्या स्पॅनिशमध्ये बोलल्या. मी "सी, सी" करत राहिले. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं, तेव्हा माझं एकुलतं एक पाठ वाक्य मी म्हटलं. आतून, नेफ्ताली होता तिथून, थाळी पडल्याचा आवाज आला. निघताना आत्यांनी मक्याच्या पानांत वाफवलेले डझनभर तमालेही बांधून दिले.

दुसऱ्या दिवसापासून नेफ्तालीची मस्करी बंद. नजर जमिनीवर. आणि "तुम्ही"! मला!

दोन आठवडे मी झुरले. मग शब्दकोश घेऊन ध्वनिफीत उतरवायला बसले... आणि माझाच आवाज ऐकू आला. 'कान्सादा', म्हणजे दमलेली, म्हणायचं होतं. मधला 'न' गिळून मी म्हणाले होते 'कासादा'. लग्न झालेली!

पाठोपाठ आत्या: "अगोबाई! मग नवऱ्यालाही ने चार तमाले."

मी धावतच त्याला गाठलं.

"मी दमले होते रे! फक्त दमले होते!"

"म्हणजे... नवरा नाही?"

"नाही!"

"मग बारा तमाले खाल्ले कुणी?"

"मीच. दोन दिवसांत."

तो खो-खो हसला. तेवढ्या धीरावर मी रात्रभर घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं, स्पॅनिशमध्ये: तू मला आवडतोस.

तो ओठ चावत राहिला.

"काय झालं?"

"उलटं झालं. तू म्हणालीस, 'मी तुला आवडते.'"

"अरे देवा... म्हणजे पुन्हा चुकलं?"

त्यानं पहिल्यांदाच माझा हात हातात घेतला.

"नाही," तो म्हणाला. "अगदी बरोबर आहे."