बिरड्याची वाफ

दिवाळीच्या फराळाशेजारी वैशाखातला हापूस कापून ठेवण्याचं कोणालाच अप्रूप उरलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. घरोघरी संथपेटी होती. तरीही पेणच्या टिपणिसांकडे सकाळी आणलेलं दूध दुसऱ्या सकाळी नासत होतं, कोथिंबीरही तोवर काळी पडत होती, आणि हेमांगी टिपणीस वैतागून कंपनीला पुन्हा फोन करत होती.

"अहो, फ्रीज गार होत नाहीये," ती म्हणाली.

संथपेटीला बहुतेक लोक अजून फ्रीजच म्हणत. खालचा कप्पा होताही तसाच, गार पाण्यापुरता नि दुधापुरता. खरी करामत वरच्या काचेच्या कप्प्यात होती. तिथे गारवा नव्हता, तिथे काळच मंद चाले. इतका मंद, की बाहेर वर्ष उलटलं तरी आत जेमतेम क्षणभर जाई. गरम भजी ठेवावीत आणि महिन्याने काढावीत, तर खाताना जीभ पोळे.

टिपणिसांच्या या संथकप्प्यात मात्र भजी नव्हती की हापूस नव्हता. तिथे अकरा वर्षं एक कल्हईची पातेली होती आणि पातेलीत वालाचं बिरडं होतं. शर्वरीनं केलेलं.

शर्वरी ही निरंजन टिपणीसची पहिली बायको. संथपेटी घरात आली त्याच आठवड्यात तिनं हातांनी वाल सोलून, नारळाचं दूध घालून बिरडं केलं. नवरा कामावरून आला की गरम मिळावं म्हणून पातेली वर ठेवली आणि कोथिंबीर आणायला खाली उतरली. रस्ता ओलांडताना तिला गाडीनं उडवलं. ती परत आलीच नाही. पातेली तशीच राहिली, झाकण किंचित कललेलं, आणि फटीतून निघालेली वाफेची रेघ तिथल्या तिथे थबकलेली.

सहा वर्षांपूर्वी हेमांगी या घरात आली तेव्हा निरंजननं हे सगळं आधीच सांगितलं होतं. तिनंही मोठ्या मनानं मान डोलावली होती. ते मोठं मन पहिला पावसाळा संपेपर्यंतसुद्धा पुरलं नाही.

शर्वरीचा फोटो भिंतीवर असता तर हेमांगीनं त्याला रोज हार घातला असता. फोटोचं काय, तो पिवळा पडतो, त्यावर धूळ बसते. ही बाई पिवळी पडायला तयार नव्हती. आत्ताच गॅस बंद करून ती खाली गेली होती, आणि केव्हाही दारात उभी राहून विचारणार होती, "ही कोण?" रविवारी सकाळी निरंजन चहाचा कप घेऊन त्या काचेसमोर उभा राही. हेमांगीच्या अंगाचा मात्र तिळपापड होई. तिनंही वाल भिजवून, मोड आणून, बोटांची सालं निघेपर्यंत सोलून बिरडं करून पाहिलं. "छान झालंय," निरंजन म्हणाला. पण त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, हे तिनं बरोबर टिपलं. कप्पा रिकामा कर, असं तिनं एकदाच सुचवलं. त्याचा चेहरा असा काही उतरला की तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

विषय नाही काढला, पण पेटी हलवली. पेटी खिडकीपाशी होती आणि दिवाणखान्यातल्या निरंजनच्या आरामखुर्चीतून काचेचा कप्पा थेट दिसे. "खिडकी अडते, उजेड येत नाही," असं सांगून हेमांगीनं ती ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ढकलली. मागे बोटभर फट उरली, तिथे पिशव्या कोंबलेली पिशवी आणि जुनी कॅलेंडरं बसवली. शिवाय स्वतःचं चित्रांचं टेबलही तिनं स्वयंपाकघरात आणलं. ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. इथे उजेड चांगला येतो, असं ती सांगे. खरं म्हणजे तिला पहारा करायचा होता.

कंपनीकडून आल्या त्या डॉ. मुग्धा रेगे. या बाई संथपेटी बनवणाऱ्या गटातल्या शास्त्रज्ञ. गारवा ठीक असूनही दूध नासतंय, ही तक्रार दोन मेकॅनिक तपासून गेले तरी सुटेना, तेव्हा त्या स्वतः निघाल्या होत्या.

त्यांनी आधी साध्या गोष्टी पाहिल्या. खालच्या कप्प्याच्या दारात कागद धरून ओढला. कागद सहज सुटला नाही, म्हणजे दाराचं रबर धड होतं. आत पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवला. आतला पंखा फिरतोय का ते ऐकलं. डबे इतके दाटीनं तर नाहीत ना, की गार हवेला फिरायला जागाच नाही, तेही पाहिलं.

"चार अंश. अगदी हवं तेवढं गार आहे," त्या म्हणाल्या.

"मग दूध काय माझ्यावर रागावून नासतं?"

डॉ. रेगे हसल्या. त्यांनी पर्समधून दोन सारखी घड्याळं काढून जुळवली. एक ओट्यावर ठेवलं, दुसरं दिवाणखान्यात. मग वाकून पेटीच्या मागे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. कोपऱ्यात हात घालून त्यांनी ती पिशवी ओढून काढली.

"हे काय आहे?"

"पिशव्या. लागतात ना कधीमधी."

"हेमांगीताई, फ्रीज गारवा तयार करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"म्हणजे?"

"गारवा असा बनवताच येत नाही. फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, म्हणून जुन्या फ्रीजची पाठ गरम लागायची. जाळी भिंतीला चिकटली, तिच्यावर धूळ बसली, की उष्णता कोंडायची आणि फ्रीज कुचकामी व्हायचा. फ्रीजच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुटत. संथपेटी हेच काळाचं करते. वरच्या कप्प्यात जो काळ जात नाही, तो नाहीसा होत नाही. त्याला कुठेतरी जावंच लागतं. तो या मागच्या जाळीतून बाहेर पडतो."

"बाहेर कुठे?"

"खिडकीबाहेर पडायला हवा. मोकळ्या हवेत तो इतका विरळ होतो की कोणाला जाणवतही नाही. म्हणून तर आम्ही बजावतो, जाळी खिडकीकडे ठेवा. इथे तो कोंडलाय. खालचा कप्पा गारच आहे, पण त्यात एका दिवसात तीन दिवस जातात. दूध बिचारं तीन दिवसांचं होऊन नासतं."

हेमांगीनं चहा टाकला. डॉ. रेग्यांनी चहा पिऊन संपवला. मग त्यांनी दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी ठेवली. दिवाणखान्यातल्या घड्याळात दहा मिनिटं झाली होती. ओट्यावरच्या घड्याळात अर्धा तास होऊन गेला होता.

"तुम्ही या खोलीत किती वेळ असता?" त्यांनी विचारलं.

"दिवसभर."

"आणि तुमचं वय?"

"एक्केचाळीस."

डॉ. रेगे तिच्या केसांकडे पाहत राहिल्या आणि मग नजर वळवून घड्याळं आवरू लागल्या. हेमांगीला कोणी आणखी सांगायची गरज नव्हती. "इतक्यात झालासुद्धा स्वयंपाक?" असं निरंजन रोज कौतुकानं म्हणे. तिच्या चित्रांचा झपाटा पाहून संपादक थक्क होत. अकरा वाजता तिला पुन्हा भूक लागे, दिवेलागणीला डोळे मिटत. लग्नानंतर मूल हवं म्हणता म्हणता पाळीच बंद झाली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एकेकीचं होतं लवकर. आणि गेल्या मार्गशीर्षात एका लग्नात निरंजनच्या जुन्या मित्रानं तिला वाकून नमस्कार केला होता. त्याला ती निरंजनची थोरली बहीण वाटली होती.

म्हणजे हे सगळं त्या पातेलीपायी. शर्वरीचं बिरडं गरम राहावं म्हणून जो काळ जायचा राहिला, तो हेमांगीच्या हाडांतून गेला होता. आणि त्याला ही वाट तिनंच करून दिली होती, स्वतःच्या हातांनी पेटी ढकलून, पिशव्या कोंबून.

"गेलेलं परत येतं का?" तिनं विचारलं.

"नाही. पण पुढचं थांबतं. पेटी खिडकीशी लावली की झालं. नाहीतर सरळ कप्पा बंद करा, आत जे काय आहे ते खाऊन टाका. मिस्टरांशी बोला." डॉ. रेग्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला. "मीच सांगू का त्यांना?"

"नको. मी सांगेन."

दोघींनी मिळून पेटी ओढली आणि जाळीचं तोंड खिडकीबाहेर केलं. डॉ. रेगे गेल्यावर हेमांगी दिवाणखान्यात बसली. वाक्यं जुळवून पाहिली. निरंजन वाईट माणूस नव्हता. ऐकताच तो कप्पा बंद करेल. करेल ना? आणि क्षणभर, एक क्षणभर जरी घुटमळला तर? तो घुटमळताना आपल्याला बघवेल का? आणि केलाच बंद, तर ती कीव असेल. म्हाताऱ्या दिसणाऱ्या बायकोसाठी त्यानं शर्वरी दुसऱ्यांदा गमावली, असं होईल. तरीही सांगायचंच, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी निरंजन आला. बूट काढता काढता त्याची नजर आत गेली आणि चेहरा एकदम उजळला.

"अरे वा! पेटी परत जागेवर आली!" तो म्हणाला. "शर्वरीनं तिथेच ठेवायला लावली होती. किती दिवसांनी इथून दिसतेय गं."

तो आरामखुर्चीत बसला आणि काचेकडे पाहू लागला. हेमांगी तोंड उघडून उभी होती. तिनं ते मिटलं. मत्सर तिला अक्षरशः कडू लागला. आपली वर्षं गेली, आणि हा बघतोय कोणाकडे?

दुसऱ्या दिवशी निरंजन कामावर गेल्यावर तिनं पेटी पुन्हा कोपऱ्यात ढकलली. पिशव्यांची पिशवी जागच्या जागी बसवली. मग आरामखुर्ची ओढत स्वयंपाकघरात आणली आणि नीट विचार करून लावली. पाठ पेटीकडे, तोंड आपल्या टेबलाकडे.

"हे काय? आणि पेटी पुन्हा तिकडे?" संध्याकाळी त्यानं विचारलं.

"खिडकी अडत होती. आणि आल्यावर इथेच बसत जा ना, माझ्याजवळ. मी एकटीच असते रे दिवसभर."

त्याला बरं वाटलं. पुढे त्यानं घरून करायचं कामही खुर्चीतच आणलं. हेमांगीनं स्वतःचं टेबल मात्र हलवलं नाही. एकट्याला पुढे पाठवण्यासाठी तिनं त्याला बोलावलं नव्हतं. फक्त तो लवकर लवकर आपल्यापर्यंत यावा, उरलेलं दोघांनी बरोबर जावं, एवढंच तिला हवं होतं. आणि समजा आपण पुढेच राहिलो, तरी निदान तो शर्वरीचा तरणा नवरा उरणार नव्हता.

"तुझ्या या स्वयंपाकघरात वेळ कसा पुरून उरतो गं," निरंजन एकदा कौतुकानं म्हणाला. "सगळा पेपर वाचून झाला, तरी सातसुद्धा वाजले नाहीत."

"म्हणून तर बोलावते," हेमांगी म्हणाली.

वर्ष सरलं. एका रविवारी त्याच्या हातात चहा देताना तिला त्याच्या कानशिलावर पांढऱ्या केसांचा झुपका दिसला. चष्मा कपाळावर सरकवून तो पेपर लांब धरून वाचत होता. तिला खूप प्रेम दाटून आलं. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि तो हात तसाच राहिला, कारण तिची नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या काचेवर गेली होती.

पातेलीच्या फटीतली वाफ जिथे होती तिथेच होती. आधी त्या बाईनं एकटीची वर्षं खाल्ली होती. आता हेमांगी तिला दोघांची वाढत होती.

"काय गं, काय झालं?" निरंजननं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा गार होतोय तुझा."