रावसाहेबांच्या होड्या

“हललं! परत हललं!” मष्णू ओरडला.

समई कलंडली, तेल सांडलं. अंजनीनं झेप घेऊन ती सावरली म्हणून बरं, नाहीतर चौंडेश्वरीच्या मखरानं पेटच घेतला असता!

“चार पाय हाईत, तरी धड उभं ऱ्हायना,” तेलकट हात परकराला पुसत अंजनी म्हणाली. “जुनी तिवई बघ, तीन पायांवर कशी घट्ट बसायची!”

“आमच्या निपाणीत असलं टेबल गोठ्यातबी ठेवणार न्हाईत,” भरमू म्हणाला.

भरमू हा अंजनी आणि मष्णूचा आत्तेभाऊ. अंजनीचे वडील आप्पा साड्या विकायला निपाणीला गेले होते, ते काल परत येताना मे महिन्याच्या सुट्टीसाठी त्यालाही घेऊन आले. बेळगावजवळच्या शहापुरात पाऊल टाकल्यापासून त्याचं ‘आमच्या निपाणीत’ काही थांबलं नव्हतं. पण या वेळी मात्र तो खरं बोलत होता. देवळाची जमीन जुनी, खडबडीत. तिच्यावर तीन पायांची तिवई कशीही ठेवा, बसायचीच. हे संगमरवरी टेबल मात्र खाली कागदाच्या घड्या कोंबल्या तरी डुगडुगत होतं.

ही करामत रवळूअण्णांची. ते विणकरांच्या पंचांचे पुढारी. १९३८ साल उजाडलं तरी आपल्या देवळात ते काळंकुट्ट लाकूड कशाला, असं त्यांना वाटलं. मग आप्पा गावाला गेलेले असताना त्यांनी तिवई शेजारच्या टिळकवाडीच्या रावसाहेब चंदगडकरांना देऊन टाकली आणि बदल्यात हे टेबल आणलं. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही!

तेवढ्यात आप्पा आत आले आणि उंबऱ्यातच थबकले.

“तिवई कुठं हाय?”

“रावसाहेबांकडं,” मागून रवळूअण्णांचा आवाज आला. ते टेबलाचं कौतुक दाखवायला आणखी चारचौघांना घेऊन आले होते. “त्यांना असल्या तीनपायी वस्तू जमवायचा नाद हाय. देऊन टाकली. कसं हाय नवं टेबल?”

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. “अण्णा, काय केलासा हे! देवीची समदी चांदी त्या तिवईत हुती!”

टेबल बघायला आलेले चारचौघं आता रवळूअण्णांकडे बघू लागले.

शहापूरच्या या पेठेत एक जुनी रीत होती. ज्याचा पहिला माग सुरू होई, तो देवीला बोटाएवढा चांदीचा धोटा वाही. माग चालताना सूत घेऊन इकडून तिकडे धावतो ना, त्याच धोट्याची ही इवलीशी प्रतिकृती. हे धोटे कुठं ठेवतात, हे फक्त त्या वर्षीच्या मानकऱ्याला ठाऊक असे. पाडव्याला जुना मानकरी नव्याच्या कानात सांगे आणि देवीची शपथ घाली. यंदा मान आप्पांचा होता.

“तिवईच्या फळीखाली चोरकप्पा हाय,” आप्पा म्हणाले. “शपथ हुती म्हणून कधी बोललो न्हाय. आता बोलायचीच येळ आली.”

“लाकडात चांदी!” रवळूअण्णा मोठ्यानं हसले. पण लगेच त्यांचे डोळे बारीक झाले. “मी सकाळीच रावसाहेबांच्या बंगल्यावर गेलतो. ते म्हणाले, तिवई साफ करून घेतली, आत धूळसुद्धा नव्हती. एवढा शिकलेला माणूस खोटं बोलंल व्हय? चांदी कुठं गेली, ते तूच सांग यल्लाप्पा!”

“म्हंजे मी चोर?”

“मी न्हाय म्हणत. पण रविवारपतूर चांदी देवीपुढं आली न्हाय, तर तुझ्या पांजणीला पेठेतलं माणूस येणार न्हाय.”

ज्यांनी पांजण पाहिली नाही, त्यांना या धमकीतलं विष कळायचं नाही. मागावर चढवायचं सूत आधी गल्लीत लांबलचक ताणतात, त्याला खळ लावतात आणि कुंच्यानं झाडत नेतात. या कामाला सगळी आळी लागते. एकट्यादुकट्याला ते जमत नाही. पांजण बंद म्हणजे माग बंद, आणि माग बंद म्हणजे चूल बंद! हेळसांड करायची पुढाऱ्यांनी आणि चोर ठरायचं आप्पांनी! अंजनीला इतका संताप आला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“रडू नगं गं आक्का,” मष्णू म्हणाला.

“रडतंय कोण? मी चिडलीया!”

दुसऱ्या दिवशी आईनं विणलेली साडी रावसाहेबांच्या काकूंना पोचवायची होती. अंजनी एरवी एकटीच जायची. आज तिनं दोघांनाही बरोबर घेतलं.

बंगल्याच्या दिवाणखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. जिकडे पाहावं तिकडे तिवया! नक्षीच्या, वाघाच्या पंजांच्या, हत्तीच्या सोंडांच्या. एकीवरही साधा तांब्या ठेवलेला नव्हता. बिचाऱ्या नुसत्याच उभ्या होत्या. आणि खिडकीपाशी, पॉलिश करून चकचकीत केलेली देवीची तिवई! तिच्यावर रावसाहेबांचा हुक्का ठेवला होता.

“बघितलंस?” भरमू दात खात कुजबुजला. “देवीच्या तिवईवर हुक्का!”

“हात लावू नका रे कशाला!” रावसाहेब आतून आले. गोल चष्मा, रेशमी गाऊन. पण मुलं आपला संग्रह बघताहेत म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. “या, या, इकडे बघा. ही माझी चांदी.”

काचेच्या कपाटात चांदीच्या इवल्या वस्तू मांडल्या होत्या. पालखी, पाळणा, बैलगाडी. आणि खालच्या फळीवर निळ्या मखमलीवर ओळीनं...

“आक्का, हे तर...” मष्णूनं तोंड उघडलं. अंजनीनं त्याला असा चिमटा काढला की पुढचा शब्द घशातच राहिला.

“होड्या!” रावसाहेबांनीच त्याचं वाक्य पुरं केलं. “हुशार आहे पोरगा! मालवणच्या कोळ्यांनी समुद्राला वाहिलेल्या होड्या आहेत या. मुंबईच्या लिलावात मी स्वतः मिळवल्या. अशा होड्या साऱ्या बेळगावात कुणाकडे नाहीत!”

दोन्ही टोकं निमुळती, मधे पोट, पोटावर झाकण. होडी म्हणे! अंजनी पाळण्यात होती तेव्हापासून धोट्याचा खटखटाट ऐकत आली होती. तिनं काकूंच्या हातात साडी दिली, नमस्कार केला आणि फाटकाबाहेर आल्यावरच श्वास सोडला.

“चोर! लबाड! खोटारडा!” ती रस्त्यातच फणफणली.

“फौजदाराला सांगूया,” भरमू म्हणाला.

“कंच्या फौजदाराला? आपलं शहापूर सांगलीकरांच्या संस्थानात, आणि टिळकवाडी इंग्रजांच्या मुलखात. हिकडचा म्हणतोय तिकडं जा, तिकडचा म्हणतोय हिकडं जा.”

तिघं तडक रवळूअण्णांकडे गेली. अण्णा झोपाळ्यावर पान जुळवत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पानाला चुना लावता लावता म्हणाले, “बापाला वाचवायला पोरं काय बी बोलत्यात. रावसाहेबाच्या घरात धोटे! जावा, गोट्या खेळा जावा.”

“अण्णा, एकदा येऊन बघा तरी!”

“न बोलावता मोठ्याच्या घरी जाऊन कपाटं उघडू व्हय? इज्जत हाय आमची.”

आणि आमच्या आप्पांना इज्जत नाही? अंजनीच्या ओठांवर आलं होतं, पण भरमूनं तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं. त्याचे डोळे चमकत होते.

“अण्णा काय म्हणाले? न बोलावता जाणार न्हाय. म्हंजे बोलावणं आलं तर जातील का न्हाई?”

“बोलावणं कोण धाडणार? तुझी निपाणी?”

“रावसाहेबच धाडतील! बघच तू!”

संध्याकाळी भरमू केस चापूनचोपून बंगल्यावर हजर झाला. “रावसाहेब, शहापूरचे पंच म्हणत्यात, जुन्या वस्तूंची एवढी पारख असलेला माणूस आपल्या शेजारी हाय, आणि आपण साधी शाल न्हाय दिली! तुमी संग्रह दाखवणार असाल तर रविवारी सकाळी येतील.”

शाल म्हटल्यावर रावसाहेबांची छाती फुगली. “अरे, जरूर! चहाला या म्हणावं. मी चिठ्ठीच देतो.”

ती चिठ्ठी हातात पडल्यावर रवळूअण्णांचीही छाती तितकीच फुगली. “बघा! रावसाहेबांनी चहाला बोलावलंय, आमच्या टेबलाच्या दोस्तीखातर. रिकाम्या हातानं कसं जायाचं? एक शाल घ्या रे!”

हे ऐकून मष्णू इतका हसला की त्याला उचकी लागली.

रविवारी सकाळी धुतलेले रुमाल बांधून पंच बंगल्यात आले. आप्पाही आले. यायला ते तयार नव्हते, पण अंजनीनं त्यांचा हात सोडलाच नाही. शाल झाली, नारळ झाला. रावसाहेब शाल पांघरूनच एकेक वस्तू दाखवत फिरू लागले. पंच माना डोलावत होते. कपाटापाशी आल्यावर रावसाहेबांनी मखमलीचा तुकडा अलगद उचलून खास देवीच्या त्याच तिवईवर, हुक्क्याशेजारी ठेवला.

“आणि या माझ्या होड्या! मालवणच्या! मुंबईच्या लिलावातून...”

रवळूअण्णांची मान डोलायची थांबली. बाकीचे पंच एकमेकांकडे पाहू लागले. पण मोठ्या घरात, हातात चहाची बशी असताना, एकाच्याही तोंडून अवाक्षर फुटेना! हीच ती इज्जत!

“रावसाहेब,” अंजनी पुढं झाली, “होडीच्या पोटात काय असतंय?”

“होडीत? मासे!” रावसाहेब खो खो हसले.

“उघडून बघू?”

“अगं, ते झाकण नुसतं शोभेचं आहे. उघडत नाही ते!”

“लाखेनं बंद केलंय म्हणून उघडत न्हाय.” अंजनीनं केसातला आकडा काढला आणि सर्वांत जवळचा धोटा उचलला. आकड्याचं टोक झाकणाच्या फटीत घालून तिनं दाबलं. टक्! झाकण उडालं. आत काडीएवढी कांडी होती आणि तिच्यावर हिरवं रेशीम गुंडाळलेलं होतं.

“मासा लई हिरवा हाय की!” मष्णू म्हणाला.

“ज्याचा माग सुरू हुतो, त्याची आई आपल्या हातानं ह्यात सूत गुंडाळती,” अंजनी म्हणाली. “मालवणचे कोळी होडीत कांडी कशाला भरतील, रावसाहेब?”

रावसाहेब लाल झाले. “हे बघा, तिवई मला रीतसर मिळाली. तिच्यात जे सापडलं ते माझंच!”

“सापडलं?” भरमू ओरडला. “आत्ता तर मुंबईचा लिलाव हुता! आणि अण्णांना सांगितलंसा, आत धूळसुद्धा नव्हती!”

आप्पा एका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले.

अंजनीनं दुसरा धोटा उघडला. लाल रेशीम. तिसरा उघडला, जांभळं रेशीम. मग एक धोटा असा निघाला की त्यात रेशीम नव्हतंच. नुसतं कोरं, जाडंभरडं सूत होतं.

रवळूअण्णांनी हातातली बशी खाली ठेवली.

“आण हिकडं,” ते म्हणाले. त्यांनी ती कांडी तळहातावर घेतली. सुतावरून बोट फिरवलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माझा हाय ह्यो. घरात रेशमाचा धागा नव्हता तवा. आई म्हणाली, देवी रेशीम बघत न्हाय, हात बघती. आणि हे सूत गुंडाळलं तिनं.”

त्यांनी ती कांडी जपून धोट्यात परत ठेवली.

“आईच्या हातचं सूत मी तिवईसकट देऊन टाकलं,” अण्णा म्हणाले, “आणि चोर म्हणालो कुणाला? यल्लाप्पाला!” ते गर्रकन रावसाहेबांकडे वळले. “शाल काढा ती.”

“काय?”

“आमची शाल काढा! आणि तुमचं डुगडुगतं टेबल सांजच्याला घेऊन जावा. न्हायतर संस्थानच्या फौजदाराला आणि हिकडच्या फौजदाराला, दोघांना एकाच येळी बोलावतो!”

रावसाहेबांच्या खांद्यावरून शाल कधी उतरली ते त्यांनाही कळलं नाही. आतल्या दारात उभ्या असलेल्या काकूंनी पुढं येऊन तिवईवरचा हुक्का स्वतःच उचलला. “घेऊन जा हो तुमची वस्तू,” त्या म्हणाल्या, “मला आधी कळतं तर इथं राहू दिली नसती.”

तिवई उचलायला दोघं पंच पुढं झाले, पण अण्णांनी त्यांना बाजूला सारलं. रुमालाची चुंबळ करून ती तिवई त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. पेठेचा पुढारी, ज्यानं कधी स्वतःची पिशवी उचलली नव्हती, तो टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत भर उन्हात ओझं घेऊन चालला! लोक ओट्यांवर येऊन बघू लागले. कुणी विचारलं की अण्णा मोठ्यानं सांगत, “माझी चूक हाय! यल्लाप्पा खरा हाय!”

देवळात पोचल्यावर त्यांनी तिवई खाली ठेवली, आप्पांनी पंच्यात बांधून आणलेले धोटे देवीपुढं ठेवले, आणि अण्णांनी आप्पांपुढं हात जोडले. “उद्या तुझी पांजण. पहिला कुंचा मी धरणार.” मग ते मुलांकडे वळले. “आमी डोळे असून बघितलं न्हाय, तुमी बघितलंसा. शाबास रं पोरांनो! ह्या पोरीनं तर आज पेठेची लाज राखली. काय पायजे ते मागा.”

भरमू पेढ्यांचं नाव काढणार, इतक्यात अंजनी म्हणाली, “आमी सांगायला आलतो, तवा गोट्या खेळा म्हणालासा. परत पोरं काही सांगायला आली, तर निदान ऐकून घ्या.”

अण्णा खाली मान घालून म्हणाले, “घेईन.”

“आणि पेढेबी!” भरमू घाईघाईनं म्हणाला. “आमच्या निपाणीत...”

“गप रं!” अंजनी आणि मष्णू एकदम ओरडली. आणि आप्पा त्या दिवसांत पहिल्यांदाच हसले.

अंजनीनं तिवईवर समई ठेवली, वात सारखी केली. मष्णूनं गुडघ्यांवर बसून तिवई एका बाजूनं ढकलून पाहिली, मग दुसऱ्या बाजूनं.

“न्हाय हलत!” तो म्हणाला.

मग आप्पांनी समई लावली.