चेन्निंग आजीचं घर

मुलांनो, जरा डोळे मिटा.

एक लाकडी घर डोळ्यांसमोर आणा. जमिनीपासून पुरुषभर उंच, बारा खांबांवर उभं. खाली कोंबड्या, वर माणसं. चढायला लाकडी जिना.

आता असं समजा की ऐंशी माणसं त्या घराखाली शिरली. खांबांना आडवे बांबू बांधले, बांबूंना खांदे दिले... आणि आख्खं घर उचलून चालू लागली.

हसू नका. इंडोनेशियातल्या आमच्या सुलावेसी बेटावर, तेम्पे तलावाकाठच्या गावांत, घरं अशीच जागा बदलतात. मी स्वतः पाहिलंय. आणि त्या दिवशी पुढे जे झालं, तेही मी स्वतः पाहिलंय. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे कधी वर्गात सांगितलं नाही.

साल एकोणीसशे एकाहत्तर. शुक्रवार. दुपारची नमाज नुकतीच झाली होती. मी अकरा वर्षांची होते, माझा भाऊ उनरू पाच वर्षांचा.

घर होतं चेन्निंग आजीचं. ती आमच्या शेजारची. उनरू जन्मल्यापासून तिच्याच मांडीवर वाढला. रात्री तिच्याच कुशीत झोपायचा. ती वारली तेव्हा तो रडला नाही. नुसता विचारायचा, "आजी कधी येणार?"

आमच्याकडे माणूस गेल्यावर चाळीस दिवस त्याचं अंथरूण तसंच घातलेलं ठेवतात. तिन्हीसांजेला उशाशी भात नि पाणी ठेवायचं. चाळीस दिवस तो माणूस घरी ये-जा करत असतो, असं म्हणतात. तोवर त्या घराला कोणी हात लावत नाही.

त्या शुक्रवारी छत्तिसावा दिवस होता.

आजीच्या भाच्याने, पातुरुसी मामाने, खालची जमीन भाताच्या गिरणीवाल्याला विकली होती. घर मात्र तो स्वतःच्या जागेत नेणार होता, शेतांपलीकडे, रस्त्याच्या कडेला.

"चार दिवस थांब," बांदू आजोबा म्हणाले. गावातली सगळी घरं त्यांच्याच हातची. घर कसं उचलायचं, कुठे ठेवायचं, त्यांनाच ठाऊक.

"आजोबा, सोमवारी कालव्याचं पाणी सुटतंय," मामा म्हणाला. "मग घर काय बदकं ओढून नेणार चिखलातून? आणि लावणी लागली की ऐंशी खांदे आणू कुठून?"

"तिला सांगितलंस का तरी?"

"कोणाला?"

मामा वर गेला. त्याने अंथरूण गुंडाळलं आणि आढ्याला टांगून ठेवलं.

माझी आई माणसांसाठी नारळाच्या दुधात केळी शिजवत होती. तिने उनरूचा हात माझ्या हातात दिला.

"जुमी, गर्दी आहे. हात सोडलास तर बघ!"

जिना काढून वर घरातच टाकला. माणसं खाली शिरली.

"एक... दोन... उचला!"

आणि घर उठलं.

एका झटक्यात.

इतकं सहज की पुढचे चार-पाचजण तोंडावर पडता पडता वाचले.

"मामा, घर आहे की कोंबडीचं खुराडं?" कोणीतरी ओरडलं.

"ऐंशीजण कशाला बोलावलेस? केळी संपवायला?"

सगळे हसले. घर डुलत डुलत शेतांत उतरलं. पोरं मागे धावली. मीही धावले.

बांदू आजोबा मात्र हसत नव्हते. ते एका खांबाला हात लावून चालत होते. मी जवळ गेले तेव्हा ते पुटपुटत होते...

"रिकामी घरंही उचललीत मी. इतकं हलकं कधीच नव्हतं... इतकं रिकामं नसतं घर..."

सावल्या लांब झाल्या तेव्हा घर नव्या जागी टेकलं. जिना लागला. माणसं केळ्यांवर तुटून पडली.

मी उनरूला खायला द्यायला वळले.

माझा हात रिकामा होता.

कधी सुटला, कुठे सुटला... आजही मला आठवत नाही.

मी परत धावले. कापलेल्या भाताची धसकटं पायाला बोचत होती. सूर्य बुडत होता. हीच ती वेळ, ज्या वेळी आमच्याकडे पोरांना हाका मारून घरात घेतात.

जुन्या जागी आता काही नव्हतं. खांबांखालचे बारा दगड तेवढे. आणि मध्ये उघडी जमीन. कित्येक वर्षांत ऊन न पाहिलेली.

तिथे उनरू बसला होता. एकटा.

"उनरू! चल घरी!"

त्याने तोंडावर बोट ठेवलं.

मग मला ऐकू आलं.

खट... खर्र्... खट... खर्र्...

लाकडी खडावांचा आवाज. एक पाय टेकून, दुसरा ओढत. चेन्निंग आजी अशीच चालायची. गावात दुसरं कोणीच तसं चालत नव्हतं.

आवाज दगडांभोवती फिरत होता. गोल. पुन्हा गोल. एका जागी यायचा आणि थांबायचा. जिथे जिना असायचा, बरोबर तिथे.

दिसत मात्र कोणीच नव्हतं.

"ती जिना शोधतेय, ताई," उनरू म्हणाला. "विहिरीवरून आली तर घरच नाही. कधीची शोधतेय."

उनरू उठला. कपडे झटकले. आणि त्याने हात वर केला. लहान मूल मोठ्या माणसाचा हात धरतं ना, तसा.

"आजी, चल. मला माहितीये कुठे नेलंय ते."

ते निघाले.

हो, ते. मला दुसरा शब्द सुचत नाही.

मी वीस पावलं मागून चालले. उनरू हळू चालत होता. पाच वर्षांचं पोर इतकं हळू चालत नाही. बांध आला की थांबायचा, वर बघायचा, "टेकतेस का?" म्हणायचा. आणि तेवढा वेळ खडावांचा आवाजही थांबायचा.

वाटेत बदकांचा थवा आडवा आला. बदकं दोन बाजूंना झाली. मधली वाट दोघांपुरती रुंद होती.

नव्या जागी पोहोचलो तेव्हा कंदील लागले होते. पातुरुसी मामाने उनरूला एकटं येताना पाहिलं.

"काय रे कार्ट्या, कुठे उंडारत होतास? आई वेडी झालीय तुझी!" तो पुढे झाला.

बांदू आजोबांनी त्याचा दंड पकडला. घट्ट.

"हात लावू नकोस त्याला."

"अहो, पण..."

"त्याच्या हाताकडे बघ! मध्येच ओढलास आणि हात सुटला नाही, तर पोर कोणाबरोबर जाईल ते मी सांगू शकत नाही."

मामाने पाहिलं. उनरूची बोटं मिटलेली होती. मूठ वळल्यासारखी नाही. कोणीतरी धरल्यासारखी.

आई धावत आली. आजोबांनी तिलाही अडवलं. तोंडातला घास कोणी गिळेना.

उनरू जिना चढू लागला.

प्रत्येक पायरी दोनदा करकरली.

वरून काहीतरी धप्पकन पडलं. मग उलगडण्याचा आवाज आला. आढ्याला टांगलेलं ते अंथरूण...

मुलांनो, एक सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही फार घाबरणार नाही. माझा भाऊ जिवंत आहे. साठीला आलाय. त्याला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही म्हणतो. लग्न त्याने केलं नाही. आजीचं ते घर त्याने कधी सोडलं नाही. मी बोलावलं की जेवायला येतो, पण तिन्हीसांजेच्या आत उठतो. "वाट बघत असतील," म्हणतो. कोण, ते मी विचारलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं की माझ्या हातून सुटलेला माझा भाऊ वर आहे आणि त्याला खाली आणायचंय.

मी आजोबांच्या हाताखालून निसटले. जिन्यापाशी जाऊन ओरडले, "उनरू! तिला घर मिळालं ना? आता सोड तिला. आपल्या घरी चल!"

तो दारात आला. दोन्ही हात मोकळे होते. मला वाटलं, आता उतरेल.

"तू जा, ताई," तो म्हणाला. "नवी जागा आहे ना. आजीला एकटीला झोप नाही येणार."

"मी इथेच थांबते. खाली ये आधी!"

त्याने मागे वळून पाहिलं. कोणी काही सांगत असल्यासारखं ऐकून घेतलं. मान हलवली.

मग माझ्याकडे बघून हसला, आणि दार ओढून घेतलं.

पाठोपाठ आतून कडी पडली. त्या दाराची कडी एकदम वर होती. उनरूचा हात तिथवर पोहोचत नव्हता.