पलंगाखालचा हात

बसा. स्टूल जरा डुगडुगतं, सांभाळून. माप नंतर घेऊ. तुम्हाला खिडकीच्या जाळीला दार हवंय, दाराला कुलूप हवंय, आणि चावी मुलांच्या हाती लागणार नाही अशी लांब ठेवायचीय. बरोबर? वीस वर्षं मीच गिऱ्हाइकांना हे सांगत आलो. "चावी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवा, पोर खिडकीतून पडायची भीती नाही." मोठा शहाणा मी! माझ्या घरीही तसंच होतं. आधी ऐका, मग काय ते ठरवा.

तीन महिने झाले. भर दुपारची वेळ. मुलगा आणि सून कामावर गेलेले, मी दुकान बंद करून जेवायला घरी आलो होतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. नात नुकतीच शाळेतून आली होती. सहा वर्षांची आहे, एका जागी पाय ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरीच म्हणतो. तिला झोपवता झोपवता माझाच डोळा लागला. बाहेरच्या खोलीत, मुख्य दाराला लागून, चपलांच्या कपाटावर मुलाच्या स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली. त्याला शंभरदा बजावलं होतं, बाबा रे, जायच्यायायच्या वाटेवर हे झेंगट नको. ऐकेल तर शपथ.

आधी वास आला. प्लास्टिक जळल्याचा, घशाला चिकटणारा. मग फाडकन आवाज झाला. मी खोलीचं दार उघडलं तर समोरची बैठक दिसेचना. नुसता काळा धूर, आणि त्याच्या पोटात काहीतरी लाल हलत होतं. दार तसंच लावून घेतलं. उशाजवळची पाण्याची बाटली चादरीवर ओतली आणि चादर दाराखालच्या फटीत कोंबली. अग्निशमनवाल्यांना फोन लावला. पत्ता दोनदा सांगितला. मग खिडकीकडे धावलो, जाळीच्या दाराला हात घातला, आणि कुलूप हाताला लागलं. चावी स्वयंपाकघरात. मधे आग.

त्या क्षणी मला दुसरंच घर आठवलं. पलीकडच्या गल्लीतलं. जाळी माझ्या हातची, सल्लाही माझाच. दोन वर्षांपूर्वी तिथं आग लागली तेव्हा आई आणि तिचा लहान मुलगा पलंगाखाली गुदमरून मेलेले सापडले होते. लोक म्हणाले, नशीब. मीही मान डोलावली, आणि घरी येऊन जेवलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यातली इस्त्री उचलली आणि कुलपावर ठोकत सुटलो. कुलूपही मीच निवडलेलं, तुटेल कशाला! हाताची सालं निघाली. खोलीचं दार तापून चरचर आवाज करायला लागलं, वरच्या फटीतून धूर आत उतरू लागला. एवढ्या उन्हातही खोली अंधारत गेली. मागे वळून पाहिलं तर पलंग रिकामा.

"भिंगरी! कुठे आहेस गं?"

"इथं खाली... इथं श्वास घेता येतो, आजोबा."

पलंगाखाली शिरली होती. घाबरलेलं पोर लपतंच हो, त्याला काय कळतंय. मी जमिनीवर पालथा पडलो. खरंच, खाली हवा जरा बरी होती. ती आत कुणाशी तरी कुजबुजत होती. मला वाटलं, भीतीनं स्वतःशीच बोलतेय.

"बाहेर ये बाळा... माझ्याजवळ ये..."

"थांबा ना जरा," ती म्हणाली. मग तिला खोकल्याची उबळ आली. मग काहीच आवाज नाही.

खिडकीबाहेर शिडी आदळली. तोंडाला मास्क लावलेला जवान वर आला, मोठ्या कात्रीनं कुलूप कापलं, जाळीचं दार ओढलं.

"आधी मूल द्या, काका! लवकर!"

मी पलंगाखाली हात घातला. बोटाला बोटं लागली. धरून ओढलं आणि तो एवढासा जीव तसाच उचलून बाहेर दिला. धुरानं माझे डोळे उघडवत नव्हते. हातातला हात गार होता. त्या भट्टीत गार! पण तेव्हा मला कशाची शुद्ध होती? जवानानं मूल छातीशी धरलं आणि उतरायला लागला. त्याच्या मागून आलेल्या दुसऱ्यानं मला बखोटीला धरून बाहेर खेचलं.

खाली पाय टेकले. पहिला जवान अँब्युलन्सपाशी उभा होता. हातात उघडी घोंगडी, आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

"माझी नात कुठेय?" मी ओरडलो.

"आत्ता होता..." तो पुटपुटला. "मानेला मिठी मारून होता... मुलगा होता ना, काका?"

मी शिडीकडे धावलो. चौघांनी मला आवळून धरलं. मी चावलो त्यांना, शिव्या दिल्या, पाया पडलो. तोच जवान पुन्हा वर चढला. किती वेळ आत होता कोण जाणे. मी खिडकीकडे बघत होतो आणि तिच्यातून आता ज्वाळा दिसत होत्या. शेवटी तो आला तेव्हा भिंगरी त्याच्या खांद्यावर कापडासारखी लोंबत होती. पलंगाखाली पार भिंतीला टेकलेली सापडली म्हणे. श्वास चालू होता, जेमतेम.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिला बोलता आलं. मी तिच्या उशाशीच बसून होतो.

"तुझा हात मी कसा सोडला गं?" मी विचारलं.

"माझा नव्हताच धरला तुम्ही. तो म्हणाला, मी कधीचा थांबलोय. मग मी म्हटलं, जा तू आधी."

सून शेजारीच होती. धूर डोक्यात गेलाय, डॉक्टर म्हणालेत असं होतं, म्हणाली. मी बाहेर जाऊन ढसाढसा रडलो.

आता घराची दुरुस्ती झालीये. बॅटरी खाली आवारात चार्ज होते. जाळीच्या दाराला नुसती कडी आहे, पोराचा हात पोचणार नाही आणि मोठ्याला अंधारातही चाचपता येईल अशी उंच. पलंग मी आणूच दिला नाही. गाद्या जमिनीवर घालायच्या. सोमवारी परत राहायला जायचंय, म्हणून काल भिंगरीला घर दाखवायला नेलं. सगळीकडे बागडली, आणि त्या खोलीच्या दारात मात्र थबकली. मोकळ्या फरशीकडे बघत राहिली.

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "बघ, पलंगच नाही आता."

तिनं माझा हात घट्ट धरला.

"आजोबा," अगदी हळू म्हणाली, "मग त्याची आई आता कुठे लपणार?"