दादासाहेबांचा दहावा

पिंड मांडून तास होत आला, तरी कावळा काही शिवेना. घाटावरच्या पिंपळावर चांगले सातआठ बसले होते. माना वाकड्या करून खाली बघत होते, एवढंच.

“इच्छा राहिलीय काहीतरी,” गुरुजी म्हणाले.

“मग विचारू की त्यांनाच!” पक्षाचे सरचिटणीस तोडकर म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून तांब्याएवढी स्वरमूर्ती काढली. दादासाहेब खर्शीकरांची चाळीस वर्षांची भाषणं, बैठका, फोनवरच्या शिव्यासुद्धा या यंत्राला पाजल्या होत्या. ते त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच डोक्यानं उत्तरं देई. उद्यापासून पक्ष त्याच्या आदेशावर चालणार होता.

“दादा, मनात काय राहिलंय?”

यंत्र खाकरलं. “पुतळा. विरोधकांच्या पुतळ्यापेक्षा हातभर उंच.”

“दिला शब्द!”

कावळे ढिम्म.

“तांबडवाडीच्या गोळीबाराचा ठपका पुसा. हुकूम माझा नव्हता.”

“पुसतो, दादा!”

“कावळेही विरोधी पक्षाचे दिसतात,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

दादासाहेबांची लेक ऋजुता खांद्यावरच्या तान्हीला थोपटत ऐकत होती. अर्धांगाच्या झटक्यानं दादांची वाचा गेली, ते शेवटचे महिने यंत्रात नव्हते. शब्दच नव्हते, तर भरणार काय? त्यांना घास भरवायला तेव्हा तीच असे. बातम्यांत तांबडवाडीच्या विधवा दिसल्या की दादा तिचं बोट गच्च धरत, ही तान्ही धरते तसं. सोडतच नसत. भीतीनं की पश्चात्तापानं, ते तिला कधी कळलं नाही.

ती पुढे झाली. हात जोडायला एकच हात मोकळा होता.

“दादा, मी तांबडवाडीला जाईन. हुकूम तुमचाच होता, असं सांगेन. तुमच्या वतीनं माफी मागेन.”

“ताई, पक्षाचं वाटोळं कराल!” तोडकर ओरडले.

पंख फडफडले. एक कावळा उतरला, पिंडाला चोच लावून उडाला.

“मी असं कधीही म्हणालो नव्हतो,” यंत्र म्हणालं. मग आवाज उतरला, घरातला झाला. “ऋजा, शब्द मागे घे बाळा.”

तान्ही दचकून जागी झाली. त्या आवाजाकडे तिनं हात केला. ऋजुतानं ती चिमुकली मूठ आपल्या हातात धरली.

“तोडकरकाका,” ती म्हणाली, “उद्यापासून तुम्ही कुणाचं ऐकणार? याचं, की ज्यांच्या पिंडाला आत्ता कावळा शिवला त्यांचं?”