अजून खाली

उन्मेषच्या सायकलची चेन तुटली ती नेमकी स्वप्नालीच्या गाळ्यासमोर. तिने हात पुसत बाहेर येऊन दहा मिनिटांत ती जोडून दिली, एवढीच त्यांची ओळख. मोरिवलीच्या ज्या शेतात तिचे आजोबा भात लावायचे तिथे आता कारखाने होते आणि त्यांतल्याच एका गाळ्यात ती फायबरचे पाइप कापायची. तो आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये. या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. ती मात्र एकटीच बसून बाहेरची किरकोळ कामं करायची. त्यानंतर दर शुक्रवारी त्याच्या सायकलचं काहीतरी बिघडू लागलं. ब्रेक सैल व्हायचा, सीट कुरकुरायची... ती मान खाली घालून काम करायची आणि तो तिच्या कपाळावरच्या बटेकडे बघत बोलत राहायचा.

चौथ्या शुक्रवारी तो म्हणाला, हँडल फार उंच वाटतंय. पुढचं चाक धरणारा चिमटा कार्बनचा होता आणि त्याची नळी वर थेट हँडलपर्यंत गेलेली. हँडल खाली घ्यायचं तर नळीचं वरचं टोक कापायला हवं होतं. रविवारी रजा काढून त्याला मित्रांबरोबर माळशेज घाट उतरायचा होता. तिने चिमटा सोडवायला घेतला तेव्हा त्याने हसत हसत आणखी एक सांगितलं. उल्हासनगरच्या एका दुकानातून ही जुनी सायकल घेतली तेव्हापासून बारवी धरणाच्या रस्त्याला मागून कुणीतरी सायकलवरून येतंय असं वाटतं. टिक... टिक... वळून पाहावं तर रस्ता रिकामा. आपण थांबलो की तेही थांबतं.

"मग पुढे बोलवायचं ना," ती म्हणाली. "सोबत झाली असती."

"सोबत मला दुसऱ्या कुणाची हवीय," तो बोलून गेला, आणि कानाच्या पाळ्या लाल होत असतानाच बादली उचलून नळाकडे निघाला. कार्बनची भुकटी छातीत गेलेली वाईट, म्हणून कापताना ती सतत पाणी सोडायची.

दुपारचे दोन वाजले असतील. वीज नव्हती, एकही मशीन चालू नव्हतं. उन्हाने तापलेला पत्रा मधेच तडकायचा, तेवढाच आवाज. तिने मोजून नळीवर खूण केली, कार्बनचे धागे उसवू नयेत म्हणून तिथे टेप गुंडाळली आणि सवयीप्रमाणे, नळी आतून कुठे फुटली आहे का ते ऐकायला, तिच्यावर रुपयाचं नाणं हलकेच वाजवत गेली. टण... टण... स्वच्छ.

"अजून खाली."

आवाज अगदी कानाशी आला. ती स्वतःशीच हसली, वळली नाही. नाणं दोन बोटं खाली आणलं.

"अजून खाली."

एवढ्या उकाड्यात तिची मान गार पडली. नळीच्या पार बुडाशी नाणं टेकलं आणि आवाज बसला — ठप्. ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

"तुम्हाला हे आधीच माहीत होतं?" तिने वळून विचारलं.

मागे कुणी नव्हतं. उन्मेष अंगणापलीकडे, नळाशी पाठमोरा उभा होता. बादली अजून अर्धीही भरली नव्हती.

तो आल्यावर तिने एवढंच सांगितलं, की नळी आतून फुटलेली असावी. घाटात जोरात ब्रेक दाबला तर तुटेल. नुसत्या आवाजावरून? त्याने विचारलं. ती म्हणाली, माझी चूकही असेल. इथे कापून बघता येईल, पण मग चिमटा कायमचा वाया जाईल.  त्याने भरलेली बादली तिच्याजवळ आणून ठेवली.

"कापा," तो म्हणाला.

दोघांनी मास्क चढवले. तिने नळी शिकंज्यात बेताने आवळली, बारीक दातांची करवत लावली आणि घाई न करता, जोर न देता ओढू लागली. तो पाण्याची धार धरून होता. खालच्या ट्रेमध्ये काळं पाणी साचत गेलं. निम्मीही कापून झाली नव्हती, तोच नळी कट् करून आपणहून सुटली. आतले थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे विलग झाले होते.

उन्मेषने तिथूनच दुकानदाराला फोन लावला. सायकलचा पहिला मालक परदेशी गेला, असं तुम्ही म्हणाला होतात ना? 

"गया ही समझो, साहब," दुकानदार आवाज खाली करून म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग मात्र तिने कानाशी आलेल्या आवाजाचं सगळं सांगितलं. तो स्टुलावर बसून ऐकत राहिला.

"हँडल उंच नव्हतंच," शेवटी तो म्हणाला. "आज बिघडलेलं काही सापडेना, आणि तुम्हाला तर भेटायचं होतं... नाहीतर रविवारी मी—"

तिने काळं, ओलं बोट त्याच्या ओठांवर ठेवलं. त्याने ते दूर केलं नाही.

"घाबरलीस?" जरा वेळाने त्याने विचारलं.

"नाही. कुणीतरी तुझ्या काळजीने इतके दिवस मागे मागे येत होतं."

ती उठून दाराशी गेली. समोरचा रस्ता उन्हात लांबवर रिकामा पडला होता. रस्त्याकडे बघत ती जरा मोठ्याने, घरातल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आता तुम्ही घरी जा. मी आहे याच्याजवळ."